माझा उपास तिनं धरला

नागपुरात माझ्या खोलीची जी मालकीण होती, तिच्यामुळं मी आज हे लिहायला आहे. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं हे खरं, पण त्यांच्या टेबलापर्यंत मला तिनं पोचवलं.

मी रत्नागिरीकडचा. सातवीतून शाळा सुटली आणि एका गाववाल्याच्या ओळखीनं नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात लागलो. दम आधीपासूनच लागायचा, पण एके दिवशी जिन्यावरच खाली बसलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आवळली आहे, छाती उघडावी लागेल.

आई गावी एकटी. तिला कळवलं नाही. गावच्या देवीला मात्र मनातल्या मनात बोललो, यातून वाचव, तुझी ओटी भरायला येईपर्यंत मंगळवार-शुक्रवार नुसत्या पाण्यावर काढीन. बाकीचे दिवस खाटेवर पडून राहायचो. कारखान्यातले बघायला येत, तेही सांगत, "हलू नको, आत काहीतरी फाटेल." मी कूससुद्धा जपून बदलायचो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी माझी मांडी चिमटीत धरली. "मांस गेलं कुठं? असा माणूस टेबलावर घेतला तर नंतर उठून बसायचं बळ राहणार नाही. खा, चाला, उठबस करा. दम लागला की थांबा. अंगात ताकद दिसली तरच ऑपरेशन."

घरी येऊन ओट्यावर रडलो. खाल्लं तर देवी कोपेल, नाही खाल्लं तर ऑपरेशन नाही. आणि चालायला गेलो तर वाटेतच मरेन. मालकिणीनं सगळं ऐकून घेतलं.

"काहून रडून राहिला गा? तुहा उपास मी धरतो. तू जेव."

"असं चालतं?"

"देवीले कोणीतरी उपाशी पाहिजे ना? मी चांगली जाड आहो, तिले तं बरंच वाटंल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला अंगणात स्टुलावर बसवायला सुरुवात केली. हात न टेकता उठायचं, परत बसायचं. पहिल्यांदा उठलो तर छातीत असं धडधडलं की मी दाराची चौकट घट्ट धरली.

"हात सोड."

"मरीन मी, काकू."

"मरशीन तं माह्यासमोर मर. पण हात सोड."

सोडला. आणि उभा राहिलो. मग रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, ती मागून. अंड्याला ती शिवत नसे. स्टोव्ह अंगणात पेटवून द्यायची, अंडी मी उकडायचो. मंगळवारी ती उपाशीपोटी समोर बसून मला वाढायची. मी खायचो. वाटायचं, देवीला ही अदलाबदल पटली नाही तर?

मला ऑपरेशनला नेताना ती शेजारून चालत होती. तिनं नुसता माझा पाय दाबून धरला होता.

शुद्धीवर आलो, त्यानंतर नर्सनं उठून बसायला सांगितलं. टाके तुटतील या भीतीनं मी डोळे मिटले. पण मांड्यांनी उचललं मला. बसलो, मग उभाही राहिलो, आणि तेव्हा कुठं पटलं की मी वाचलोय.

पुढं प्रवासाची परवानगी मिळाल्यावर मी गावी जाऊन ओटी भरली. तोवर तिनं एकही मंगळवार, एकही शुक्रवार सोडला नाही. काकू, तुम्हाला एकदा आमच्या देवीपुढं नेणार आहे. त्या दिवशी पानावर तुम्ही बसायचं, आणि वाढणार मी.