पाइनची माती

एर्सिरा कुरिकेओनं लावलेली हुआयेची रोपं तिसऱ्या वर्षीही पिवळी पडली, तेव्हा शेजारीण हसून म्हणाली, "अगं, पाण्याऐवजी मूत घालतेस की काय?"

एर्सिराला हसू आलं नाही. लाकूडकंपनीनं पाइन तोडून नेल्यावर हा डोंगर मापुचे आदिवासींच्या वस्तीला परत मिळाला होता आणि हुआयेचं, इथल्या मूळच्या झाडाचं, जुनं रान पुन्हा उभं करायचं तिनंच अंगावर घेतलं होतं. वस्तीच्या येत्या सभेपर्यंत रोपं तगली नाहीत, तर डोंगर पुन्हा पाइनला भाड्यानं जाणार होता.

रोपवाटिकेतली मुलगी माती उकरून पाहून गेली. म्हणाली, "मावशी, हुआयेच्या मुळांशी एक बुरशी असावी लागते. तिच्या पांढऱ्या तंतूंवर रोप जगतं. इथं उरलीय ती पाइनची. जुन्या हुआयेखालची माती आणून घाला."

एर्सिराला हे नवीन नव्हतं. पूर्वी पाइनही या डोंगरावर असाच पिवळा पडून मरत होता. मग कंपनीच्या मुकादमानं लांबच्या जुन्या पाइनखालची माती पोत्यांनी आणवली. ती पाठीवर वाहून खड्ड्याखड्ड्यात घालणारी सोळा वर्षांची मजूर म्हणजे एर्सिराच. पाइन असा फोफावला की काही वर्षांत वस्तीचा झरा आटला. तेव्हापासून थोरला भाऊ बेलार्मिनो तिच्याशी बोलत नव्हता. आणि जुनी हुआये आता फक्त त्याच्याच घळीत उरली होती.

ती गेली. तो दारात मातेचा कडू काढा पीत बसला होता. बस म्हणाला नाही.

"दादा, तुझ्या झाडांखालची थोडी माती हवी होती."

"माती वाहायची हौस फिटली नाही वाटतं अजून?"

"वस्तीसाठी मागतेय रे."

"वस्तीचं पाणी घालवलंस तेव्हा कुणाला विचारलं होतंस?"

"घरात चूल पेटत नव्हती. त्या मजुरीचा पाव तूही खाल्लास."

"तोच अजून घशात अडकलाय. चालती हो! मेलीस की थडग्यावर टाकीन, हवी तेवढी."

माणसानं राग धरावा, पण त्यालाही काही सुमार असतो. बेलार्मिनोनं तो पोटच्या पोरासारखा वाढवला होता.

सभेच्या आधीच रोपं वाळून गेली. त्यांच्यामध्ये आपसूक रुजलेल्या पाइनच्या बुंध्यांशी त्याच्या बुरशीच्या तेलकट, खायच्या छत्र्या मात्र भरघोस उगवल्या आणि बायकांनी त्या टोपल्या भरभरून बाजारात नेल्या. सभेत पाइनच्या बाजूनं भराभर हात वर झाले. विरोधात दोनच हात होते, एर्सिराचा आणि बेलार्मिनोचा.

बाहेर आल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून तिच्याजवळ आला. "विकले गेले सगळे," तो थुंकून म्हणाला. "पुन्हा पाइन आणला यांनी."



"मी पोटासाठी आणला होता, दादा. तू कशासाठी आणलास?"

बेलार्मिनोनं टोपी डोक्यावर ओढली आणि तो घळीच्या वाटेला लागला.