तिच्या तोंडी दुसरीचं गाणं

त्या दुपारी आम्ही दोघं लेकीच्या लग्नाची सीडी पाहत बसलो होतो. बायको लाखोळीची डाळ निवडत होती, मी खाटेवर. दरवर्षी धान चुरून-मळून घरी आलं की आम्ही ती सीडी लावायचोच.

शूटिंगवाला जवळच्याच गावचा. त्यानं लग्नातला खरा आवाज सगळा काढून टाकला आणि वरून सिनेमाची गाणी घातली. मळकी बनियन घालून मी भाजीनं भरलेला गंज उचलून चाललो आहे आणि मागे गाणं वाजतं हिरोचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, "काका, सिनेमावालेबी आता हेच करतात. गाजलेलं जुनं गाणं उचलतात न् मांगून टाकून देतात. नवं कायले बनवाचं?"

मग टीव्हीवर सिनेमा पाहताना माझं ध्यान तिकडेच जाऊ लागलं. शूटिंगवाला पोरगा खोटं बोलत नव्हता. आमच्या जवानीत भोंग्यावर ऐकलेलं गाणं भलत्याच सिनेमात, भलत्याच माणसाच्या मागे वाजायचं. गाणं आधीचं, माणूस मागाहून आलेला, तरी असं बसायचं जशी म्हैस तलावात. हे कसं होतं ते मला आजवर उमगलं नाही.

पण खरं नवल हळद लागते तिथं. आमच्याकडे हळदीची गाणी बायाच म्हणतात, आणि गावात पहिला सूर माझ्या बायकोचा. सीडीत ती तोंड उघडते आणि आवाज निघतो सिनेमातल्या बाईचा. ते गाणं तिनं कधी म्हटलंच नव्हतं. तरी सूर चढतो तिथंच तिची मान वर जाते, सूर थांबतो तिथंच ती श्वास घेते. कुठली ती बाई, कुठं बसून गायली असेल. तिला काय माहीत, पवनीकडच्या एका खेड्यात आपलं गाणं कोणाच्या तोंडी जाऊन बसलं! माझ्या अंगावर काटा यायचा. दर वेळी.

त्या दुपारीही आला. बायको हसली.

"का जी, इतकी गोड मी कधी गायली?"

"कधीच नाही."

"मंग माझा आवाज कुठी गेला?"

"शूटिंगवाल्यानं खाल्ला."

"खाऊ द्या. तुमी तर जिंदगीभर आयकला. पोट नाही भरलं का?"

दिवस बुडायच्या आत तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी मातीला शूटिंगवालाही आला होता. नदीवरून परतताना मी त्याचा हात धरला. म्हटलं, "तिचा खरा आवाज दे." तो खाली पाहत म्हणाला, "काका, नाही राहत जी तो. शूटिंगच्या त्याच कॅसेटवर आमी दुसऱ्याचं लगन भरतो." म्हणजे संपलं. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी सीडी लावली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. ती तोंड उघडत होती, घरात चूप. तिच्या ओठांकडे पाहत मी हळदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली, मग दुसरी. माझा आवाज म्हणजे फुटक्या गंजावर दगड. पण तिची मान वर गेली तेव्हा माझाही सूर चढला. मी चढवला नव्हता.

शेजारून मोठी वहिनी धावत आली. "भाऊजी, पागल झाले का? मयताच्या घरी हळदीचं गाणं! न् तेबी बायांचं!"

मी टीव्हीकडे बोट केलं. तिथं बायकोच्या बाजूला वहिनीच उभी होती, तीही गात होती. वहिनी उंबऱ्यातच बसली.

"पुढचं मले येत नाही," मी म्हणालो.

"तुमाले कसं येईन? तुमी तवा भाजीच्या चुलीपाशी होते."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुढची ओळ हळूच सांगितली. मी ती तिच्या मागून म्हटली.