पेजेचा कलफ

लग्न होऊन नगरच्या पोलीस लाईनीत आले तेव्हा मला वाटलं होतं, इथं नव्या सुनेची पारख स्वयंपाकावरून होत असेल. तसं काही नव्हतं. सकाळी हजेरीला माणसं निघाली की जिन्यात उभ्या असलेल्या बायका कुणाचं तोंड बघत नसत. सगळ्यांची नजर गुडघ्याखाली. पँटची घडी सरळ सुरीसारखी असली की त्या घरातली बाई कामाची. घडी दुहेरी पडली असली की त्या बाईचं काही खरं नाही. माझ्या नवऱ्याच्या पँटला पहिल्याच आठवड्यात दोन-दोन घड्या पडल्या आणि मी लाईनीत प्रसिद्ध झाले.

पूर्वी म्हणे खाकी कापड भांडारातूनच मिळायचं, सगळ्यांना एकाच ठाणातलं. आता भत्ता मिळतो आणि ज्याने त्याने आपापलं कापड घ्यायचं. त्यामुळे शिपाई ओळीत उभे राहिले की कुणी कडक चहाच्या रंगाचा, कुणी पिकल्या चिकूच्या, तर कुणी सरळ शेणीच्या. आमचे कपडे शिवायला भिंगारच्या शिंप्याकडे असतात. त्याची उभी हयात लष्करातल्या जवानांचे कपडे शिवण्यात गेली, त्यामुळे माणसाला पोट असतं हे त्याला मान्यच नाही. माप घेताना 'श्वास आत घ्या' म्हणतो आणि तेच माप धरतो. नवऱ्याने एकदा तक्रार केली, तर म्हणाला, "कपडा बराबर हाय. तुमी जेवन कमी करा."

कलफाला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातली, भाताच्या मुलखातली. बाजारात मिळणाऱ्या पावडरीचा कलफ म्हणजे माझ्या मते नुसता खोकला. आईने पाठवलेला काळभाताचा तांदूळ शिजवायचा, पेज काढायची, फडक्यातून गाळायची, खाकीवर पांढरे ओघळ दिसू नयेत म्हणून त्यात थोडं चहाचं पाणी घालायचं आणि कपडा त्यात बुडवून सावलीत वाळवायचा. मग ओलसर असतानाच इस्त्री. याचा एकच तोटा. उन्हात बंदोबस्ताला उभं राहून घाम आला की माझ्या नवऱ्याच्या अंगाला गरम भाताचा वास सुटतो. त्याच्या शेजारी ड्युटी लागलेल्यांना अकरा वाजताच भूक लागते, अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर आईचा पाय मोडला. खाचराच्या बांधावरून घसरली, आणि हाड नीट जुळलंच नाही. मी एकुलती एक, वडील नाहीत. शेजारणी भाकरी आणून देत, पण शेजारणींनाही त्यांची घरं होती. मी महिन्यातून दोनदा एसटीने संगमनेरवरून जायची, आईला न्हाऊ घालायची आणि परत यायची. परतीच्या गाडीत बसले की ती खिडकीपाशी बसून कुणाची वाट बघत असेल हेच डोळ्यांसमोर यायचं, आणि सगळा प्रवास मी पदरात तोंड घालून करायची. नवऱ्याची बदली अकोल्याला झाली असती तर प्रश्न सुटत होता. अर्ज केले. अर्जांचं जे व्हायचं ते झालं.

उपाय एकच राहिला, दरबार. वर्षातून एकदा तपासणीला मोठे साहेब येतात. सकाळी कवायत आणि गणवेशाची पाहणी, नंतर मांडवात सतरंज्यांवर सगळे बसतात आणि ज्याला अडचण असेल त्याने उठून ती साहेबांना सांगायची. आता आमचे हे! सहा फूट उंची, मिशा अशा की बाजारात भुरटे चोर नुसत्या मिशा बघून पाकीट परत ठेवतात. पण साहेबासमोर जीभ टाळ्याला चिकटते. आदल्या वर्षी 'या वेळी सांगतोच' म्हणून गेले आणि दरबार संपेपर्यंत सतरंजीचे धागे उपटून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"उठायचंच हुतं. तेवढ्यात संपलं."

"दीड तास चाललेला दरबार तेवढ्यात संपला?"

"तसं न्हाई. उठायच्या टायमाला पाय जड झालं."

त्या दिवशी मी त्यांना भित्रा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. ते ऐकून घेत बूट पुसत बसले. त्यांची हीच सवय मला सगळ्यात जास्त चीड आणते.

या वर्षीच्या तपासणीला मी ठरवलं, बोलणं त्यांच्या हातात नसलं तरी दिसणं माझ्या हातात आहे. कपडे असे करायचे की साहेबांचं लक्ष जायलाच पाहिजे. सुती खाकीचा जोड काढला. पेज दुप्पट घट्ट घेतली. राग होता, तोही त्यात उतरला असणार. वाळल्यावर पँट दोरीवरून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली, तर ती तशीच उभी राहिली. शेजारची हवालदारीणबाई डोकावून म्हणाली, "अगं बाई, आत कोन हाय का?"

सकाळी ती पँट चढवणं हा एक कार्यक्रमच होता. पेजेने पायचे आतून चिकटलेले. पाय घातला की आत पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. शर्टाच्या बाह्या अंगापासून लांबच राहिल्या. खाली वाकता येईना, म्हणून बुटाच्या नाड्या मी बांधल्या. पट्ट्याचं बक्कल मी आदल्या दिवशीच चिंचेने घासून लख्ख केलं होतं. ते दारातून बाहेर पडले ते गुडघे न वाकवता, आणि मैदान लाईनीला लागूनच आहे ही देवाची कृपा. मोटारसायकलवर बसायची सोयच नव्हती.

पुढचं मला हवालदारीणबाईच्या नवऱ्याने सांगितलं, तेही साभिनय, लाईनीतल्या चौकात, चारचौघांसमोर.

कवायत झाली. पाहणी झाली. साहेब यांच्यासमोरून दोनदा गेले पण काही बोलले नाहीत. मग सगळे मांडवात आले. साहेब म्हणाले, "बसा." सगळे बसले. आमचे हे एकटे उभे. मागून कुणी शर्ट ओढला, तर शर्ट हातात येईना एवढा ताठ. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"तुम्ही का उभे? बसता येत नाही?"

"न्हाई सर. कलफ हाय."

सगळा मांडव हसला. साहेबही हसले. "एवढा कलफ कुणी केला?"

"मंडळींनी, सर."

"मग काय म्हणणं आहे मंडळींचं?"

हवालदार सांगतात, त्या वेळी यांच्या कपाळावरून घाम निघाला तो थेट मिशीत गेला, आणि मांडवात भाताचा वास सुटला. मग हे एका दमात म्हणाले, "मंडळी म्हनत्यात सर, अकोल्याला बदली द्या. सासूबाईचा पाय मोडलाय. एकट्या हायेत. मंडळी येड्यासारख्या एसटीनं ये-जा करत्यात आन् रडत्यात. मला बघवत न्हाई."

पहिल्या वाक्याला माणसं हसली. शेवटच्याला कुणी हसलं नाही. साहेबांनी बाजूच्या अधिकाऱ्याकडे बघून मान हलवली आणि यांना म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही उभेच राहा."

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. लाईनीत माझा भाव असा वधारला की निरोपाच्या दिवशी बायका पेजेचं प्रमाण विचारायला रांगेने आल्या. मीही तोरा मिरवला. नवऱ्याची बदली बायकोच्या कलफाने झाली, असं नगर ते अकोले गाडीत बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा मी सांगितलं. हे शेजारी बसून गालात हसत होते. मला वाटलं, लाजतायत.

इकडे आईकडे राहायला आल्यावर पहिलीच स्वातंत्र्यदिनाची कवायत होती. मी तोच सुती जोड काढला, तशीच घट्ट पेज केली. आता तर तांदूळ घरचा. पँट परत भिंतीला उभी राहिली. सकाळी नाड्या परत मीच बांधल्या.

कवायत उरकून हे घरी आले. आई अजून काठीशिवाय उठत नाही. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, आणि तिच्या पायाला चोळायचं तेल मी चुलीजवळ विसरले होते. यांनी टोपी खुंटीला अडकवली, तेलाची वाटी उचलली आणि तिच्या पायाशी मांडी घालून खाली बसले. सरळ. पापडाचा आवाजसुद्धा नाही.

"पाव्हनं, कापड चुरगाळंल की," आई म्हणाली.

"चुरगाळू द्या," असं म्हणून ते पाय चोळायला लागले.

मी हातात पळी घेऊन तशीच उभी राहिले. कवायतीत पाय आपटून आपटून कितीही कडक कलफ गुडघ्यात मोडतो, हे मला, इतकी वर्षं कलफ करणाऱ्या बाईला, कळायला नको होतं का? त्या दिवशीही कवायत आधी झाली होती, दरबार नंतर.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला बसता येत होतं."

ते मान वर न करता तेल जिरवत राहिले. कान लाल झाले.

"येत हुतं," ते म्हणाले. "पर मागच्या साली बसलो आन् उठाया जमलं न्हाई. म्हनून ह्या टायमाला बसलोच न्हाई."

मला रडू आलं. आईसमोर नको म्हणून मी चुलीकडे वळले आणि जरा जोरातच म्हटलं, "तेलाचे हात पँटला पुसू नका."