माझं अजून ठरलेलं नाही

जॅकेट माझ्या पायाशी पडलं. चॉकलेटी रंगाचं. कॉलरवर आधीच्या कुणाच्या तरी घामाचे पांढरे डाग. दादांनी ते झोपाळ्यावर बसल्या बसल्या पोत्यातून ओढलं आणि फेकलं. हातात दिलं नाही.

"उद्याला ये आईबरोबर शिफ्टला," ते म्हणाले.

मी बी.कॉम. झाले होते. निकाल लागला होता आणि आम्ही मायलेकी त्यांच्याकडे पेढे द्यायला आलो होतो.

दादा आमच्या गावचे. गाव भिवंडी-वाडा रस्त्याला, अंबाडीच्या अलीकडे. जिथं भात व्हायचा तिथं आता गोडाऊनं आहेत आणि त्यांच्याखालची बरीच जमीन दादांची होती. ज्याची जमीन त्याला लेबरचं कंत्राट, हा इकडचा रिवाज. कंपनी कुठलीही असो, माणसं दादाच भरतात. कुणाला कुठलं काम द्यायचं तेही तेच ठरवतात. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना निळं जॅकेट, माल चढवणाऱ्यांना केशरी, हाऊसकीपिंगला चॉकलेटी. हाऊसकीपिंग म्हणजे संडास धुणं. इंग्रजी नाव दिलं की वास कमी येतो, अशी त्यांची समजूत असावी.

आमची बौद्ध वस्ती ओढ्यापलीकडे. ओढ्यापलीकडच्या माणसाला चॉकलेटी सोडून दुसरा रंग मिळालेला मी पाहिला नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. दादांचा हात पोत्यात जातो आणि बरोबर तोच रंग बाहेर येतो. माझी आई वर्षानुवर्षं तेच जॅकेट घालत होती.

आमच्या वस्तीत काही चांगलं घडलं की पहिला पुडा दादांकडे जातो. मूल झालं, लग्न जमलं, पोर पास झालं. जा असं कुणी सांगत नाही, पण कोण आलं नाही ते दादांच्या बरोबर लक्षात राहतं. आईने सकाळीच अंबाडी नाक्यावरून पेढे आणले होते. मी हात पुढे केला तर तिने पुडा मागे घेतला. "आधी दादांकडं," म्हणाली. वाटेत एकदाच बोलली.

"दादा सांगतील त्याला हो म्हण. माझी ड्युटी त्यांच्या हातात हाय."

त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर खांबाजवळ एक कोपरा आहे. आम्ही आणलेली वस्तू तिथं ठेवायची. हातात द्यायची नाही. आईने पुडा तिथं ठेवला, अगदी सवयीने, आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. मीही सरले. याचा राग मला आजही येतो, की माझेही पाय आपोआप मागे गेले.

त्या दिवसांत माझं काहीच ठरत नव्हतं. कॉलेजातले सर म्हणत होते एम.कॉम. कर. मैत्रिणी बँकेच्या परीक्षांच्या मागे लागल्या होत्या. मामा पोलीस भरती सोडून दुसरं काही बोलतच नव्हता. मला मधेच वकील व्हावंसं वाटायचं. एकदा तर केक करायला शिकून दुकान टाकावं असंही वाटलं, आणि केक मी फार तर वाढदिवसाला खाल्लेला. हे सगळं मी घरात लपवून ठेवलं होतं. कारण आमच्या घरात न ठरणं म्हणजे बसून खाणं. दुखणं लपवतात तसं मी ते लपवत होते. मला त्याची लाज वाटायची.

ओट्यावर दादांचा मुलगा हर्षलही होता, खुर्चीत पाय पसरून मोबाईल बघत. कॉलेजात तो माझ्याच वर्गात. त्याचे विषय राहिले होते. वाड्याहून कुणी पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, "पोरगा काय करतं आता?"

दादा हसले. "त्याचा काय अजून ठरत न्हाय. फिरू दे वर्सभर. एवढी घाई कशाला?"

पाहुणेही हसले. एक जण म्हणाला, "बरोबर हाय. आताच तर वय हाय."

हर्षलने मान वर केली नाही. त्याला त्यात काही विशेष वाटलंच नसणार. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. जे मी चोरून वागवत होते, ते हा पोरगा चारचौघांत पाय पसरून वागवत होता, आणि त्याचा बाप ते कौतुकाने सांगत होता.

मग दादांना आम्ही दिसलो. आई म्हणाली, "पोर पास झाली, दादा. पयल्या वर्गात."

"चांगला झाला," म्हणत त्यांनी पोत्यात हात घातला.

जॅकेट पडलं. मला एक शब्द विचारला नव्हता. आईचा हात माझ्या पाठीवर आला. खाली वाक, असं तो हात म्हणत होता. ती पुटपुटली, "घे गं बाय. नंतर बघू." मला तिची भीती दिसत होती. मी नाही म्हटलं तर उद्यापासून तिला गोडाऊनच्या गेटच्या आत कुणी घेणार नव्हतं. मी वाकले. जॅकेट उचललं. त्याला फिनाईलचा वास होता, आमच्या घराला येतो तोच.

आणि तोंडातून निघालं.

"दादा, हर्षलचं अजून ठरत नाही. मग माझं कसं ठरलं?"

झोपाळा थांबला. हर्षलने पहिल्यांदा वर पाहिलं.

दादा चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच नवल वाटलं.

"तुमचा काय ठरवायचा असतं?"

एवढंच बोलले. पाहुण्यांतलं कुणी हसलंही नाही. कुणाला तो अपमान वाटलाच नव्हता. सगळ्यांना ते खरंच वाटत होतं, आणि त्या क्षणापर्यंत थोडंफार मलाही.

मी जॅकेटची घडी केली. खांबाजवळच्या कोपऱ्यात ठेवली. तिथला पेढ्यांचा पुडा उचलला. आई दबक्या आवाजात म्हणाली, "ठेव तो." मी ठेवला नाही. पुडा छातीशी धरून मी ओट्याच्या पायऱ्या उतरले. मागून दादांचा आवाज आला, "उद्यापासून येऊ नको गं." ते आईला होतं.

ओढ्यापाशी आई थांबली. मग बोलली ते पोटातून बोलली. "माझं काम घालवलंस. शिकलीस म्हणून माज आला तुला." तिचं काम गेलं होतं, ते माझ्यामुळेच. पेढे मी वस्तीत वाटले. काहींनी घेतले. काहींनी दादांना कळेल म्हणून दार लोटून घेतलं. आईने एकही पेढा तोंडाला लावला नाही.

आता ती एसटीने भिवंडीला जाते, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. दिवसभराच्या खडखडाटाने घरी आल्यावर तिला मोठ्याने बोललेलंच ऐकू येतं. मला तिने अजून माफ केलेलं नाही. मी भिवंडीतच एका कापड दुकानात दुपारनंतर बिलं बनवते, सकाळी लायब्ररीत बसते. कायद्याची पुस्तकं चाळते, बँकेची चाळते, परत ठेवते.

परवा अंबाडी नाक्यावर एसटीची वाट बघत होते. दादांची गाडी थांबली, काच खाली आली.

"काय गं, ठरला का तुझा?"

नाक्यावर चार माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले,

"नाही ठरलं. वर्ष लागेल, दोन लागतील. ठरवणार मीच. आणि ठरेल तेव्हा पेढे तुमच्या ओट्यावर येणार नाहीत."