मारियसवरचं राहिलेलं भाषण

"आडनाव काय म्हणालीस?"

लीड्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये, शंभरेक माणसांसमोर, मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी माझं भाषण मध्येच तोडलं.

मी सतरा वर्षांची. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, रोमन इतिहास घेतलेला. स्पर्धेसाठी मारियस निवडला होता. लहान गावातला पोरगा. रोमच्या उमरावांकडे पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत. याच्या घरी एकही नाही. सैन्यात गेला, अंगावर जखमा घेतल्या. एवढंच बोलून झालं होतं.

मी आडनाव पुन्हा सांगितलं. पासपोर्टवर, शाळेत आहे तेच.

अध्यक्ष मागे बसलेल्या पप्पांकडे वळले. हसले. "अहो, तुम्ही तर इथे गावाचं नाव लावता! आता कळलं, पोरीला हाच माणूस का सापडला."

पुढच्या रांगांत हशा पिकला.

"टाइम संपला, बेटा."

बाकीच्यांना पाच मिनिटं मिळाली होती. मला दोन.

पप्पा नागपूरचे. इथल्या हॉस्पिटलात नर्स. अकरा वर्षं मंडळाच्या खुर्च्या त्यांनी लावल्या, त्यांनीच उचलल्या. आता ते उठले. खाली मान घालून आमचे कोट गोळा केले.

कारमध्ये मी विचारलं, "पप्पा, what happened?"

"काही नाही. यापुढे नुसतं नाव सांगत जा."

सिग्नलला गाडी थांबली. ते रडत होते. माझ्याकडे न बघता.

घरी मम्मीने सांगितलं. जात. आडनाव का लपवलं, तेही. मी जन्मले लीड्सला. जात मला त्या दिवशी मिळाली. माझ्याच भाषेत.

राहिलेलं भाषण मी कितीतरी दिवस बाथरूमचं दार लावून बोलत होते. मारियस एकाच दिवशी दोन निवडणुका हरला. कॉन्सलपदाला, रोमच्या सगळ्यात वरच्या पदाला, उभा राहतो म्हणाला, तर ज्याच्या हाताखाली लढत होता त्या सेनापतीने टिंगल केली: माझा मुलगा मोठा होऊ दे, त्याच्यासोबत उभा राहा. मारियस थांबला नाही. सात वेळा कॉन्सल झाला. ऐकायला गळणारा नळ.

पप्पा पुन्हा मंडळात गेले नाहीत.

आता मी सॉलिसिटर आहे. यंदा मंडळाची सभासद झाले. अध्यक्ष तेच. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचा फॉर्म भरला आणि पप्पांपुढे ठेवला. ते आजीव सभासद आहेत.

"अनुमोदक म्हणून सही करा. खऱ्या आडनावाने."

"तुला कोणी व्होट देणार नाही."

"माहीत आहे."

त्यांनी पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

"माझ्याने नाही होणार गं."

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सभा आहे. सहीची जागा रिकामी ठेवून मी जाणार. अनुमोदक कोण, असं विचारतील. तेव्हा वळून सगळ्या हॉललाच विचारणार. हात वर न करणारा एकेक चेहरा मला नीट बघायचा आहे.

एकही हात वर आला नाही, तरी मी खाली बसणार नाही.