होणाऱ्या जावयाचं पान

उदारीकरण आमच्या केजला टप्प्याटप्प्यानं आलं. आधी शॅम्पूच्या पुड्या आल्या, मग एसटीडीचे बूथ, मग फ्लेक्स. यातल्या फ्लेक्सनं माझ्या चुलत्यांचं आयुष्य बदलून टाकलं. त्यांना घरात आणि बाजारात सगळे अप्पा म्हणत. मेन रोडला कापडाचं दुकान, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि व्यापाऱ्यांच्या एका संघटनेचं अध्यक्षपद, एवढी त्यांची मालमत्ता. अध्यक्षपदाला दुसरं कुणी उभं राहत नसे, त्यामुळे अप्पा दरवर्षी बिनविरोध निवडून येत आणि दरवर्षी त्याबद्दल त्यांचा सत्कार होई. हार घेऊन यायला लोक विसरतात म्हणून ते स्वतःच तो आणून ठेवत.

त्यांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागे. वर हात जोडलेले अप्पा, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. कोणता चेहरा कुठल्या रांगेत लावायचा यावर आठवडाभर खल चाले. पहिल्या रांगेतून दुसरीत गेलेल्या एका भुसार व्यापाऱ्यानं तर अप्पांच्या दुकानावरून जाणंच सोडलं होतं. बिचारा बँकेत जायला मागच्या गल्लीतून वळसा घाली. बायका कुठल्याच रांगेत नसत. घरातल्याही नसत.

नवं शतक पाच-सहा वर्षांचं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. अप्पांच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलतबहिणीला, अंबाजोगाईचं स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत. मध्यस्थी धारूरच्या दाजींची. हे दाजी नक्की कुणाचे दाजी होते ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण बालाघाटच्या अलीकडच्या-पलीकडच्या निम्म्या सोयरिकी आपण जमवल्या असा त्यांचा दावा होता. मोडल्या त्यांचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता.

पाहण्याचा कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला. माझी बहीण एम.एस्सी. झालेली, क्लासमध्ये गणित शिकवायची, अकरावीच्या दांडग्या पोरांना एका नजरेत खाली बसवायची. त्या दिवशी तिला नाव, उंची आणि पुरणपोळी येते का, एवढं विचारलं गेलं. शेवटी मुलाच्या आईनं "तुला काही विचारायचंय का?" असं म्हटलं. बहिणीनं तोंड उघडलं तोच दाजी म्हणाले, "तिला काय इचारायचं असनार!" आणि सगळे हसले. प्रश्न तसाच राहिला. येत्या सोमवारी सुपारी फुटायची होती.

मुलाच्या वडिलांनी मात्र जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. "आमचा पोरगा इंटरनेटवर हाय." ते अप्पांना फार लागलं. आपण चौकात आहोत आणि समोरचा इंटरनेटवर आहे, हा फरक त्यांना झोपू देईना. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, पण निकालाच्या दिवसांत कुणीतरी मला नेट कॅफेत बसलेलं पाहिलं होतं. तेवढ्या पात्रतेवर मला बोलावणं आलं.

"चल, आपुन बघून येऊ त्याला तिथं," अप्पा म्हणाले. दाजी निघाले. बहीणही चप्पल घालू लागली.

"तू कावून?" दाजी म्हणाले. "त्या दिशी बघितलास न्हाई का?"

"त्या दिशी मान खाली घालून बसलते. त्यांची चप्पल बघितली. चप्पल चांगली हाय."

अप्पांना ती काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही. ते स्वच्छ धोतर नेसत होते. संगणकावर मुलगा बघायला जायचं तर अंगावर मुलगा बघायला जायचेच कपडे हवेत, अशी त्यांची धारणा होती. टोपीही घातली.

नेट कॅफे म्हणजे बसस्टँडसमोरचा जुना एसटीडी बूथच. काचेच्या केबिनी काढून मालकानं प्लायवूडचे खण केले होते. बाहेरचा बाक तेवढा तोच होता. या बाकावर बसून आमच्या गावानं एक विद्या कमावली होती. आत माणूस फोनवर ओरडून बोलायचा. त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं, पलीकडचं कुणालाच नाही. मग पलीकडचं बोलणं बाकावरचे आपापल्या मनानं भरायचे. त्यावरून लग्नं ठरल्याच्या, जमिनी विकल्याच्या बातम्या माणूस बूथमधून बाहेर यायच्या आत बाजारात पोचत. बहुतेक चुकीच्या असत, पण तयार असत.

त्या काळी सगळी कॉलेजची पोरं एकाच वेबसाइटवर पडीक असत. तिथं दुसऱ्याचं पान बघायचं तर आधी स्वतःचं हवं. मी म्हणालो, माझं आहे, त्यावरून बघू.

"दुसऱ्याच्या नावानं कुनाच्या दारात जायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "माझं काढ."

तेव्हा अप्पांचं पान निघालं. शेजारच्या फ्लेक्सवाल्याकडून फोटोची सीडी आली. हात जोडलेले अप्पा कापून घेताना कोपऱ्यात कुणा शुभेच्छुकाचा कान राहिला, तो राहू दिला. स्वतःविषयी लिहायच्या जागेत अप्पांनी मला 'समाजभूषण, व्यापाऱ्यांचा आधारवड' असं लिहायला सांगितलं. छंद: समाजसेवा. आपण इथं कशाच्या शोधात आहात, असाही एक प्रश्न होता. अप्पा लगेच म्हणाले, "जावयाच्या." तशी सोय वेबसाइटवाल्यांनी केलेली नव्हती. आम्ही मैत्रीवर खूण केली.

मग मुलाचं नाव टाकलं. त्या नावाची ओळीनं पोरं निघाली. एकाच्या जागी सिनेमातला हिरो होता, एकाच्या जागी वाघ. शेवटी आमचा सापडला. काळा चष्मा, एका चारचाकीला टेकलेला.

"गाडीचा नंबर वाच," अप्पा म्हणाले.

"पुण्याचा आहे."

"मग सोताचीच." गाडीला टेकलेला माणूस गाडीचा मालक असतो, हे त्यांनी फ्लेक्सवरून शिकलेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या एका फ्लेक्सवर पाठीमागे विमान होतं.

पानाच्या उजव्या बाजूला मित्रांचे चेहरे होते, तीन-तीनच्या रांगांत. ते पाहून अप्पांना एकदम घरी आल्यासारखं झालं.

"हे ह्याचे शुभेच्छुक. पैल्या रांगेत कोन हाय?"

कोण आधी कोण नंतर हे तिथं संगणकच ठरवतो, असं मी सांगून पाहिलं. अप्पांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. पहिली रांग संगणकावर सोडणारा माणूस त्यांच्या कल्पनेत बसत नव्हता. मुलाच्या चेहऱ्याखाली बर्फाचे दोन खडे काढलेले होते. दाजींनी ते काय म्हणून विचारलं.

"कूल आहे म्हणून मित्रांनी दिलेत," कॅफेवाला म्हणाला.

"म्हंजे?"

"थंड डोक्याचा."

"मग जमलं की! आपली पोरगी तापट हाय." दाजींनी मागं वळून पाहिलं. ती स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होती. तापट दिसत नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर पालथा पडलेला असतो आणि उलटायची परवानगी नसते, तशी दिसत होती.

खाली मित्रांनी त्याच्यासाठी लिहून ठेवलेले निरोप होते. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. अप्पांना मराठी वाचता येई आणि इंग्रजी अक्षरंही येत, पण दोन्ही एकदम आली की ती भाषा कुणाचीच राहत नसे. म्हणून मी मोठ्यानं वाचू लागलो. सगळे एकाच मित्राचे होते.

"काय बे, बघितली का?"

"हाहाहा, खरंच?"

"मोठं दुकान आहे म्हणे."

"सासरा लई भारी वाटतोय राव!"

अप्पा खुर्चीत मागं रेलले. "बघा दाजी. पुन्यापर्यंत पोचलंय."

"पोचनारच की. आनि ते 'खरंच' म्हंजे पोरगी पसंत हाय म्हनाला आसनार, म्हून तो 'खरंच' म्हनला."

बाकावरची विद्या अशी आत आली होती. समोर निम्मंच संभाषण होतं. उरलेलं निम्मं दोघांनी तिथल्या तिथं पूर्ण केलं, आणि ते अर्थातच अप्पांच्या बाजूचं निघालं. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली, पंखा थांबला. मशीन इन्व्हर्टरवर होतं, पण अप्पांना गरम होऊ लागलं. "झालं बघून. पोरगा नंबर एक हाय," असं म्हणून ते आणि दाजी दुकानाकडे गेले. पोरीला घेऊन ये, असं मला सांगितलं.

ते वळल्याबरोबर ती स्टूल ओढून पुढं आली.

"दादा, त्या मित्राच्या फोटोवर क्लिक कर."

"का?"

"आरं, उत्तर कुठं आसतंय? ज्याला द्यायचं त्याच्या पानावर. हे सगळे प्रश्न हायत. उत्तरं तिकडं आसनार." क्लासची पोरं तिला हे कधीच सांगून बसली होती.

मित्राचं पान उघडलं. ते कुणालाही वाचायला खुलं होतं. तिनं स्वतः वाचलं, मोठ्यानं नाही. मीही वाचलं. पोरगी ठीक आहे, गावठी आहे पण शिकवून घेता येईल. बाप नमुना आहे, धोतर नेसून भाषण करतो. दुकान मात्र जोरात चालतं, पप्पांचं लक्ष तिकडंच. अजून तीन बघायच्यात. त्यातली एखादी जमली तर बरं, नाहीतर हीच फायनल.

मी पान बंद करायला माऊस धरला. तिनं माझा हात बाजूला केला.

"गणितात याला बाकी म्हनतेत," ती म्हणाली. "सगळ्यांना भागून उरली तर मी."

मग ती मुलाच्या पानावर परत आली आणि निरोपाच्या चौकटीत टाइप करू लागली. मी म्हटलं, अगं, हे अप्पांच्या नावानं जाईल. शेजारी अप्पांचा फोटो येईल.

"येऊ दे. सुपारी त्यांच्याच नावानं फुटनार होती ना? मग नकार बी त्यांच्याच नावानं जाऊ दे."

तिनं लिहिलं: 'उरलेल्या तीन बघून घ्याव्यात. आमच्याकडून विषय संपला. दुकान चांगलं चालतंय, त्याची काळजी नसावी.' बटण दाबलं. त्या मजकुराशेजारी हात जोडलेले अप्पा उमटले, कानासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा द्यायच्या निमित्तानं दुकानात जाऊन बसली. तास नसल्यामुळे मीही गेलो. तिनं एक साडी उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. तीच साडी ती सारखी घडी घालत होती. आज अप्पांनी "आमी न्हाई लिहिलं" एवढं म्हटलं की माफी, समजूत, आणि सोमवारी सुपारी. तिला हे माहीत होतं आणि मलाही. गादीवर दाजी चहा पीत होते. गिऱ्हाईक बरंच होतं. फोन वाजला.

"बोला बोला," मुलाच्या वडिलांचा आवाज ओळखून अप्पा खुशीत म्हणाले. मग सरळ बसले. "काय? आमी? कुठं लिहिलं?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं एकदम कापड बघायची थांबली. सगळीच त्या बाकावर वाढलेली. अप्पांनी रिसीव्हरवरून मुलीकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. हात तेवढे थांबले.

अप्पांपुढं दोन वाटा होत्या. आपल्या नावानं काय जातं हे आपल्याला ठाऊक नसतं, असं भर दुकानात कबूल करायचं. किंवा जे काय गेलं असेल ते आपलंच आहे म्हणायचं. अध्यक्ष माणूस. त्यांनी टोपी सरळ केली.

"हो. लिहिलं. आमीच लिहिलं! आमी काय बोलायचं ते चारचौघांत बोलतो."

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, मला त्यांच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. ते म्हणाले, "तुमी नीट वाचलं का पन? वाचा बरं एकदा. मोठ्यानं वाचा."

पलीकडच्यानं पोराकडून उतरवून घेतलेला मजकूर वाचला. अप्पा एकेक वाक्य ऐकून दुकानाला ऐकू जाईल असं म्हणत गेले. "उरलेल्या तीन बघून घ्याव्यात. बरोबर. विषय संपला. बरोबर." तिसऱ्या वाक्यापाशी ते अडखळले आणि मागं गेले. "थांबा. ह्या तीन कोन? न्हाई, आमी इचारतोय. सोमवारी सुपारी आनि आजून तीन कोन हायत तुमच्या?"

पलीकडं बराच वेळ काही नव्हतं. या वेळी बाकावरच्या विद्येची गरज पडली नाही.

"ठेवा," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. दाजींचा चहा निवून गेला होता. मुलीकडं न बघता अप्पा म्हणाले, "पानी आन." तिनं साडी बाजूला ठेवली आणि पाणी आणलं. या विषयावर त्या दोघांत झालेलं एवढंच संभाषण माझ्या ऐकण्यात आहे.

संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी होती की अप्पांनी पुण्याचा पोरगा इंटरनेटवर हाणला. दाजी तर म्हणू लागले की मजकूर आपणच सांगितला होता.

पुढच्या उन्हाळ्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'समाजभूषण'च्या जोडीला 'सडेतोड' आलं. आणि शुभेच्छुकांच्या पहिल्या रांगेत पहिला चेहरा माझ्या बहिणीचा होता. बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, तिला न विचारता लावलेला. तिनं तो बघितला आणि सरळ फ्लेक्सवाल्याकडे गेली. "मी शुभेच्छुक हाय असं कोन म्हनलं तुला?" त्यानं घाबरून दाजींच्या चेहऱ्याचं एक स्टिकर छापलं आणि तिच्यावर डकवलं.

केजचं ऊन ते. चार दिवसांत डिंक सुटला. दाजींचा वरचा कोपरा गोल झाला, आणि त्यांच्या कपाळामागून तिचा एक डोळा येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघू लागला.