तिसऱ्या मजल्यावर बाळ येणार आहे

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काकी रांगायच्या. हसू नका, खरंच रांगायच्या. पदर खोचून दोन्ही हात फरशीवर टेकायच्या आणि हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून आतल्या खोलीत अशी फेरी मारायच्या. वय साठीच्या बरंच पुढे, गुडघे कुरकुरणारे. मी दारात उभी राहून म्हणायचे, "काकी, आत्ताच झाडू मारलाय ना, मग हे कशाला?" तर खालूनच उत्तर यायचं, "उभ्यान काय दिसता तुका? खाली उतर नि बघ गो." मग फ्रिजखालून सुकलेला वाटाणा निघायचा, नाहीतर कपाटामागून एखादी सेफ्टी पिन. एकदा मीही उतरले, तर प्लगचं भोक बरोबर माझ्या नाकासमोर. मुकाट्याने उठून टेप आणली.

आमची सोसायटी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळ. तिसऱ्या मजल्यावर काकींची समोरासमोर दोन छोटी घरं होती. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांच्या नवऱ्याने जेवणाचे डबे पुरवायचा धंदा केला, त्यातून घेतलेली. नवरा गेल्यावर एका घरात त्या राहायच्या आणि दुसरं चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना द्यायच्या. ॲपवर जाहिरात होती. इतरांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की लहान मुलं चालणार नाहीत. काकींची अट उलटी होती, तान्हं किंवा रांगतं मूल असेल तरच या. मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि नोकरी घरून करते, त्यामुळे पाहुण्यांना उत्तरं लिहायचं खातं माझ्याकडे आलं.

"लिही," काकी खुर्चीत बसून सांगायच्या. "छताला झोळीचं कडं आहे. मऊ साडी धुऊन ठेवलीय. वाजवायला स्टीलचे डबे आहेत. काच नाही, शोभेचं काही नाही. या."

मी आपली दोन गोड वाक्यं घालायचे. त्या मला मोठ्याने वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, "एवढं मी कधी बोलले? काढ ते."

एकदा कॅनडाहून एका लग्नासाठी एक गुजराती जोडपं आलं. बरोबर बाळाचा घडीचा पलंग, त्याला जाळी, जाळीला खेळणी. बाळाने त्या पलंगाकडे बघून जो सूर लावला तो तळमजल्यापर्यंत पोहोचला. काकींनी साडी कड्यात अडकवली, बाळ आत ठेवलं, दोन झोके दिले. बाप दर दोन मिनिटांनी वाकून त्याचा श्वास बघत होता, इतकं ते गाढ झोपलं. निघताना त्याने विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतं? काकी म्हणाल्या, "दुकानात नाय मिळत रे. वर्षानुवर्षं नेसली की अशी मऊ होते." आणि ती साडीच त्याच्या बॅगेत कोंबली.

सगळंच काही त्यांना साधायचं असं नाही. एका दीड वर्षाच्या पोराने बाथरूमची कडी आतून लावून घेतली आणि सुतार येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. तेव्हा काकींनी घरातल्या सगळ्या कड्या उचलून चौकटीच्या पार वरच्या टोकाला लावल्या. पुढच्या खेपेला पाहुण्यांबरोबर एक ठेंगणी आजी आली. तिचा हात कडीला पोचेना. स्टूल ठेवलं तर त्यावर नातू चढायला लागला. शेवटी काकींनी निकाल दिला, "आजीने आत गेलं की अभंग म्हणायचा. बंद झाला की समजायचं, मोकळं झालं." ती आजी आठवडाभर खड्या आवाजात म्हणत होती. सकाळी पोट बिघडलं तर आम्हाला अख्खा हरिपाठ ऐकायला मिळायचा.

हे सगळं आमच्या सेक्रेटरींना सोसेना. माणूस वाईट नव्हता. दुपारची झोप आणि सोसायटीची शिस्त एवढ्या दोनच गोष्टींवर त्याचं प्रेम होतं आणि बाळं दोन्हींची वाट लावत होती. त्यांनी नोटीस लावली, की तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांमुळे शांततेचा भंग होतो आहे, संबंधितांनी दक्षता घ्यावी.

काकी नोटीस वाचून सरळ माझ्याकडे आल्या. "कागद घे. मोठ्या अक्षरात लिही. तिसऱ्या मजल्यावर उद्या आठ महिन्यांचं बाळ येणार आहे. रडेल. ऐकून घ्यावे."

"काकी, असं कसं लिहू? भांडण होईल."

"होऊ दे. खाली माझी सही."

सेक्रेटरींच्या नोटिशीशेजारी आमची नोटीस लागली. त्यांनी ती काढली, काकींनी पुन्हा लावली. मग प्रत्येक पाहुण्याची लागायला लागली. 'जुळी आहेत. आळीपाळीने रडतील.' 'दात येत आहेत, समजून असावे.' मजा म्हणजे लोक वाचायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या डिसोझा आंटी एकदा स्वतः विणलेले मोजे घेऊन वर आल्या आणि विचारत होत्या, "दातवाला तो खंय हाय?"

पण सेक्रेटरींच्या बाजूची माणसं जास्त होती. त्यांनी जनरल बॉडीपुढे ठराव आणला, की पैसे घेऊन थोड्या दिवसांचे पाहुणे ठेवायला मनाई.

ठरावाच्या आदल्या संध्याकाळी मी काकींकडे गेले. त्यांनी मला एकदाच, झोळीच्या साडीची घडी करता करता, एक गोष्ट सांगितली होती. लग्नानंतर तीन वर्षांनी त्या गावाहून मुंबईला आल्या त्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन. मुलाच्या हृदयात दोष होता. इस्पितळाच्या फेऱ्या चालू होत्या, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. राहायला नवऱ्याच्या गिरणीतल्या गाववाल्यांची खोली. पाळीवरून आलेली दमलेली माणसं, त्यांना झोप हवी, आणि मूल तर रडणार. कोणी वाईट शब्द बोललं नाही. एवढंच म्हणाले, की वहिनींना थोडे दिवस गावी पाठव, तारीख आली की बोलावू. त्या गावी गेल्या. तारीख आली तेव्हा मूल नव्हतं.

मी म्हटलं, "काकी, उद्या मीटिंगमध्ये हे सांगा. एकही हात वर होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. "त्याच्या नावावर मतं मागू? तो माझा आहे. त्यांना पाझर फोडायला नाय."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकी, आमचा बाळांना विरोध नाही हो. फक्त ते रडणं..."

"मग काय, रडणं गावाक ठेवून येऊचा? पोर रडताला नाय तर काय तुमचे हिशेब वाचताला?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर हात वर झाले आणि ठराव पास झाला. काकी उठल्या. "माझा विरोध लिहा. आणि नाव नीट लिहा, मागच्या वेळी चुकवलं होतं."

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. काकींनी मात्र दुसऱ्या दिवशी ॲपवरची जाहिरात काढायला लावली आणि महिन्याभरात राहतं घर एका नोकरदार जोडप्याला रीतसर वर्षाच्या करारावर दिलं. स्वतः सामान उचलून समोरच्या, पाहुण्यांच्या घरात आल्या. स्वयंपाकघरात आपली गादी टाकली. आतली खोली ठेवली येणाऱ्यांसाठी, फुकट. इस्पितळात मुलांच्या उपचारांसाठी आलेल्या लोकांत त्यांचा पत्ता तोंडोतोंडी फिरायला लागला.

पहिलं कुटुंब आलं ते जळगावकडचं. पाच महिन्यांची मुलगी, ओठ आणि टाळू दुभंगलेली. सेक्रेटरींनी वॉचमनला सांगून ठेवलं होतं, म्हणून काकी सकाळपासून गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि वॉचमन बिचारा शेजारी उभा. रिक्षा थांबली तसे सेक्रेटरी खाली आले.

"काकी, ठराव झालाय."

"पैसे घेऊन ठेवायचे नाहीत ना? नाय घेतले. माझ्या घरात मी राहते आणि माझ्याकडे माणसं आलीत. आता कोणाच्या घरी कोणी यायचं याचा ठराव करा. तुमची मेहुणी मे महिनाभर येते, तिच्यापासून सुरू करा."

सेक्रेटरी बाजूला झाले. मुलीची आई घाबरून गेली होती, तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला होता. काकींनी तो बाजूला केला. "झाकतेस कशाला? भूक लागलीय तिला."

त्या मुलीला अंगावरचं दूध ओढता येत नव्हतं, वाटी-चमच्याने पाजावं लागायचं, आणि ती खूप रडायची. ओठाचं ऑपरेशन झालं, टाळूचं पुढच्या वर्षी होतं. मधल्या प्रत्येक तपासणीला ते कुटुंब काकींकडेच उतरलं आणि काकी प्रत्येक वेळी इस्पितळात बरोबर गेल्या. शेवटच्या वेळी, टाळूचंही ऑपरेशन झाल्यावर, मीही होते. डॉक्टरांनी मुलीच्या तोंडात टॉर्च मारून बघितलं, छान भरलंय म्हणाले. काकींनी विचारलं, "पूर्ण झालं ना? काही अर्धं राहिलं नाही ना?" डॉक्टर म्हणाले, पूर्ण झालं. त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग बाहेरच्या बाकावर बसून काकी इतक्या रडल्या की मुलीची आई त्यांना पाणी पाजत होती. त्यांना मी त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

काकी गेल्या त्याला वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या, स्वयंपाकघरातल्या गादीवर. आत पाहुणे होते, त्यांनीच आम्हाला हाक मारली.

पुढच्या जनरल बॉडीत सेक्रेटरींनी श्रद्धांजलीचा ठराव मांडला. सोसायटीच्या ज्येष्ठ सभासद, मनमिळाऊ स्वभाव, वगैरे. मी म्हटलं, आधी तो जुना ठराव रद्द करा. ते म्हणाले, तो आजच्या विषयात नाही. आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांतता पाळायला उभं केलं.

मीही उभी राहिले. पण मला गप्प राहवेना. त्या बाईसाठी शांतता? मी मोठ्याने नावं घ्यायला लागले. कबीर. जळगावची अन्वी. कॅनडावाला ध्रुव. जुळी, इरा आणि मीरा. झेवियर. दातवाला ओम. आयेशा. कोणीतरी माझा हात ओढला, तो मी सोडवून घेतला. डिसोझा आंटींनी एक राहिलेलं नाव सांगितलं, तेही घेतलं. काकींच्या मुलाचं नाव मला माहीत होतं. ते मी घेतलं नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "झाली दोन मिनिटं. बसा आता."

सगळे बसले. माझी नावं संपली नव्हती.